हेलिओस ४४-२ सोनीवर: दूरचा डोंगर शार्प येत नाही

प्रश्न: हेलिओस ४४-२ ही जुनी मॅन्युअल लेन्स (५८ मिमी, एफ/२) साध्या एम४२ (स्क्रू-माउंट) अडॅप्टरने सोनी ए७ थ्री कॅमेऱ्यावर लावली. शटर पडत नाही. शिवाय फोकस रिंग टोकापर्यंत फिरवूनही दूरचं सगळं मऊच दिसतं. दोष लेन्सचा की अडॅप्टरचा?

प्रतिसाद १: शटरचं सोपं. अडॅप्टरला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाहीत, म्हणून कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. जाता जाता स्टेडीशॉटमध्येही (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) फोकल लेंग्थ हाताने भरा.

प्रतिसाद २: आधी मागच्या, क्लिक नसलेल्या कडीने छिद्र एफ/२ ला पूर्ण उघडा, मग मॅग्निफायर (कॅमेऱ्यातलं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) लावून रिंग अनंताकडे न्या. चित्र शार्प होऊन पुन्हा बिघडलं तर अडॅप्टर ठीक; उरलेला मऊपणा उघड्या हेलिओसचाच, एफ/४ ला बराच जातो. टोकाला टेकेपर्यंत सुधारतच राहिलं तर अडॅप्टर जाड आहे. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) विसंबू नका, एफ/२ ला ते फसवतं.

प्रश्नकर्ता: टोकापर्यंत सुधारतंय. कॅलिपरने अडॅप्टर २७.६ मिमी जाड भरला.

प्रतिसाद १: मग सापडलं. एम४२ चं फ्लँज अंतर (लेन्स बसते तिथून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ मिमी, सोनीच्या ई-माउंटचं १८, म्हणून अडॅप्टर २७.४६ हवा. ०.१४ जास्त म्हणजे फोकस साधारण २४ मीटरवरच अडकणार. दुसरा घ्या, किंचित पातळ चालेल. पॉलिश पेपरने घासू नका: एक बाजू जास्त झिजली की फ्रेमची एक कड कायमची मऊ.