चीज पफमध्ये चीज नक्की किती असतं? पाकीट वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा दुसरीत आहे. त्याने दूध पूर्ण सोडलंय, दही-ताकाचं तर नावही काढू देत नाही. शाळेतून आला की चीज पफचं पाकीट हवं असतं. आमच्याकडे सिंहगड रोडला सोसायटीखालच्या दुकानात ती पाकिटं दारातच लटकवलेली असतात, त्यामुळे टाळताही येत नाही. सासूबाई म्हणतात, "दूध पीत नाही तर निदान चीज तरी पोटात जातंय, खाऊ दे." त्या काळजीपोटीच बोलतात, पण त्यांना काय उत्तर द्यावं ते मला कळत नाही.

पाकिटामागचं जसंच्या तसं देते. घटक: मक्याचा रवा, पामोलिन तेल, तांदळाचं पीठ, मसाला ८% (व्हे पावडर, मीठ, माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, चीज पावडर, कांदा पावडर, आम्लता नियंत्रक ३३० व २९६, चववर्धक ६२७ व ६३१, रंग १६०सी).

१०० ग्रॅममागे ऊर्जा ५५२ किलोकॅलरी, प्रथिनं ६.४ ग्रॅम, कर्बोदकं ५४ ग्रॅम, मेद ३४.५ ग्रॅम (त्यात संपृक्त १४.५), सोडियम ७८० मिलीग्रॅम. पाकीट ३० ग्रॅमचं आहे. कॅल्शियमचा उल्लेख कुठेच नाही.

यातून त्याला दुधाच्या बदल्यात काही मिळतंय का? आणि ६३१ म्हणजे डुकराची चरबी, असा निरोप आमच्या फॅमिली ग्रुपवर आलाय. घर पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे सासूबाई त्या बाबतीत धास्तावल्या आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं.

— ईशानची_आई

---

भोसरीकर: ताई, मी खाऊच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, कंसातलेसुद्धा. मसाला ८% म्हणजे ३० ग्रॅमच्या पाकिटात २.४ ग्रॅम. चीज पावडर त्यात पाचव्या क्रमांकावर आहे. तिच्याआधीचे चारही घटक किमान तिच्याइतके असणार, म्हणजे ती मसाल्याच्या एक पंचमांशाहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे अख्ख्या पाकिटात फार तर अर्धा ग्रॅम. चिमूटभर!

कॅल्शियमचं म्हणाल तर सगळा मसाला स्किम्ड दूध पावडरचा आहे असं धरलं, तरी ३० मिलीग्रॅमच्या आसपासच जाईल. कपभर (१५० मिली) दुधातून साधारण १८० मिलीग्रॅम मिळतं. सासूबाईंना हा हिशोब दाखवा, त्यांना पटेल.

पफ बनतो तो मक्याच्या रव्याचा. यंत्रात दाबाखाली तापलेला ओला रवा बारीक भोकातून बाहेर पडला की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तो फुलतो. नंतर त्यावर तेल आणि मसाला चढवतात. चीजची चव येते ती या वरच्या थरातून, आणि त्यातही आंबटपणा ३३० (सायट्रिक आम्ल) आणि २९६ (मॅलिक आम्ल) यांचा असतो. १६०सी हा लाल मिरचीपासून काढलेला रंग, त्याची धास्ती नको.

स्नेहल_कोथरूड: ६३१ बद्दल. हा पदार्थ मांस-मासळीपासूनही काढता येतो आणि साखर किंवा स्टार्च आंबवूनही. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, पाकिटावरची खूण बघायची. चौकोनात हिरवा गोल असेल तर त्यात प्राणिज घटक चालत नाहीत, दूध-मध वगळून. चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. हिरवा गोल असेल तर सासूबाईंनी निश्चिंत राहावं. फक्त घरात कुणाला गाउट किंवा युरिक ॲसिडचा त्रास असेल तर ६२७ आणि ६३१ बद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

मला जास्त काळजी तेलामिठाची वाटते. एका पाकिटात १० ग्रॅमहून जास्त मेद, म्हणजे दोन चहाचे चमचे तेल. संपृक्त मेद ४.३५ ग्रॅम. पाकिटावरची टक्केवारी मोठ्या माणसाच्या २००० किलोकॅलरीच्या आहारावर काढलेली असते आणि त्यात संपृक्त मेदाची दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात. म्हणजे मोठ्यांच्याच मर्यादेचा पाचवा भाग, आणि खाणारं पोर दुसरीतलं! सोडियम २३४ मिलीग्रॅम, त्याला अडीचने गुणलं की सुमारे ०.६ ग्रॅम मीठ. कधीमधी ठीक आहे, रोज नको.

मंडईवाली_मावशी: अगं, चीजच हवं असेल तर खरं चीज दे ना. कुरमुरे कढईत कोरडे भाजून घ्यायचे, गरम असतानाच वर चीज किसायचं आणि मिरपूड टाकायची. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ भरपूर असतं, तेव्हा वरून मीठ अजिबात घालू नकोस. आणि नाचणी सुरू कर. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमची नात दुधाला शिवत नाही, पण नाचणीचं धिरडं आवडीनं खाते.

ईशानची_आई: भोसरीकर दादा, हिशोब सासूबाईंना वाचून दाखवला. पाकिटावर हिरवा गोलच आहे, तेही त्यांनी स्वतः चष्मा लावून बघितलं. मावशी, नाचणी मोड आणून घेऊ की नुसतीच दळून आणू?

मंडईवाली_मावशी: मोड आणूनच घे. रात्री भिजत घाल, सकाळी उपसून फडक्यात बांध, मोड आले की सावलीत वाळव आणि मंद भाजून दळून आण. मोड आल्यावर त्यातलं फायटेट, म्हणजे कॅल्शियम अडवून धरणारा धान्यातला घटक, कमी होतं, त्यामुळे कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. धिरड्यात वाटीभर ताक घातलंस तर त्याला कळणारही नाही. थोडंच दळून आण, जुनं पीठ कडवट लागतं.