चर्चा: दहशतवादाच्या खटल्यांत कायदा कडक हवा की तपास पक्का?

विलंबित:

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांतील पहिल्या वर्गाच्या डब्यांत अवघ्या 11 मिनिटांत सात स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे घरी पोहोचलीच नाहीत. 2015 मध्ये मकोका म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखालील विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले; त्यांपैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत या निकालाला स्थगिती दिली, पण ती इतर खटल्यांत तो दाखला म्हणून वापरला जाऊ नये एवढ्यापुरतीच, सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवण्यासाठी नव्हे.

निकालानंतर बहुतेकांची प्रतिक्रिया एकच होती, ती म्हणजे कायदा आणखी कडक करा. माझे मत नेमके उलट आहे. मकोकाच्या अठराव्या कलमानुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला, एरवी न चालणारा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, आणि ही सवलत मिळाल्यामुळेच तपास सुस्तावला. उच्च न्यायालयाला हे कबुलीजबाब विश्वासार्ह वाटले नाहीत, कारण वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकूर जागोजागी सारखाच होता. ओळखपरेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. बाँब कोणत्या प्रकारचा होता, एवढेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही.

याच शहरातला कसाबचा खटला शेजारी ठेवून पाहा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील छायाचित्रे, जखमींच्या साक्षी, उपग्रहाधारित दिशादर्शक यंत्रे, अमेरिकी तपासनीसांची साक्ष, आणि पोलिसांपुढे नव्हे तर दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेला कबुलीजबाब असा सगळा ऐवज तिथे होता. मे 2010 मध्ये न्या. ताहिलियानी यांनी फाशी सुनावली, ती उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात टिकली, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच न्यायाधीशांनी त्याच निकालात दोन भारतीय आरोपींना सोडले होते. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या रक्ताळलेल्या कपड्यांत सापडला म्हणून दाखवलेल्या नकाशावर रक्ताचा डागही नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. फाशी टिकली ती अशा चोख नजरेमुळेच, असे मला वाटते.

दुर्गवेडा:

मांडणी वाचायला सुबक आहे, पण तिच्या पायाशी एक अपवाद आहे. कसाब जिवंत हाती लागला तो तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर त्याच्या बंदुकीची नळी स्वतःच्या देहावर झेलली म्हणून. हल्लेखोर स्वतःच पिंजऱ्यात उभा असेल तर खटला पक्का होणारच. गर्दीच्या गाडीत पिशवी ठेवून उतरून गेलेल्या माणसाचे काय? तिथे पुरावा स्फोटाबरोबरच जळून जातो आणि साक्षीदाराला रोज त्याच वस्तीत राहायचे असते. कबुलीजबाबाचे कलम कोणी हौसेने आणलेले नाही.

आणि संथ खटल्याची किंमत आपण मोजलेली आहे. मसूद अझहर 1994 मध्ये पकडला गेला आणि डिसेंबर 1999 मध्ये अपहृत विमानातील प्रवाशांच्या बदल्यात त्याला कंदाहारला नेऊन सोडावे लागले. पुढच्याच वर्षी त्याने जैश-ए-मोहम्मद उभी केली, आणि 14 फेब्रुवारी 2019 रोजी पुलवाम्यात 40 जवान गेले तेव्हा त्याची जबाबदारी याच संघटनेने घेतली. मुंबई हल्ल्याचा सूत्रधार लख्वी पाकिस्तानात जामिनावर बाहेर आला. ज्यांना शेजारच्या देशात आसरा आहे, त्यांच्यापुढे आपल्या फौजदारी प्रक्रियेचा धाक तो काय? पहलगाममध्ये 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांना मारणाऱ्या तिघांचा हिशेब जुलैच्या अखेरीस दाचीगामच्या जंगलात चुकता झाला, कोणत्याही न्यायालयात नव्हे, आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खंत वाटत नाही.

वकिली चष्मा:

दाचीगामबद्दल खंत मलाही नाही. पण सशस्त्र माणसाशी झालेली चकमक आणि ताब्यातील माणसाचा जबाब या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत. सीमेपलीकडचा आसरा मोडायला सैन्य लागते, आणि कधी कधी पैशाची नाडीही आवळावी लागते. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाने (एफएटीएफ) जून 2018 मध्ये पाकिस्तानला करड्या, म्हणजे देखरेखीखालील देशांच्या यादीत टाकल्यानंतरच तिथल्या न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा दिली. मात्र विलंबित यांचा प्रश्न सीमेअलीकडच्या आरोपीबद्दल आहे.

बाँबचा पुरावा जळून जातो हेही पूर्णपणे खरे नाही. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत जिहादी गटाने दहा बाँब उडवले आणि 191 जण मेले. आपल्या 11 जुलैशी याइतके साम्य असलेली दुसरी घटना मला माहीत नाही. तिथे एक पिशवी न फुटता राहिली, तिच्यातील मोबाइलच्या सिम कार्डावरून पोलीस विक्रेत्यापर्यंत पोहोचले आणि दोन दिवसांत पहिल्या अटका झाल्या. साडेतीन वर्षांत खटला संपून 21 जण दोषी ठरले आणि सात सुटले. सुटलेल्यांत सूत्रधार म्हणून पिंजऱ्यात उभा केलेला एक जणही होता, आणि तरीही स्पेनमध्ये कोणी लोकशाही दुबळी ठरली म्हणून गळा काढला नाही. (तिघांना सुनावलेली शिक्षा प्रत्येकी 30 हजार वर्षांहून अधिक होती, प्रत्यक्षात भोगायची ती जास्तीत जास्त 40 वर्षे. कायद्यालाही विनोदाचे अंग असते.) आपल्याकडे पहिल्या न्यायालयाचाच निकाल यायला नऊ वर्षे लागली.

दुर्गवेडा:

न फुटलेली पिशवी हेही नशीबच की! तुमच्याकडे ओंबळे, त्यांच्याकडे पिशवी. नशिबावर धोरण आखता येत नाही.

शिवाय एक दाखला तुम्ही दोघांनीही सोयीस्करपणे वगळला आहे. 12 मार्च 1993 च्या स्फोटांत 257 जण गेले. तो खटला टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली चालला, त्यात पोलिसांपुढच्या कबुलीजबाबांचा आधार मोठा होता, शंभर आरोपी दोषी ठरले आणि मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा गाभा कायम ठेवला. त्यातल्या याकूब मेमनच्या फाशीविरुद्धचा शेवटचा अर्ज तर त्याच न्यायालयाने मध्यरात्रीनंतर बसून ऐकला. कडक कायदा आणि न्याय एकत्र नांदू शकतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

विलंबित:

हा मुद्दा वजनदार आहे, आणि मूळ लेखात मी त्याला बगल दिली हे मान्य करतो. पण 1993 चा तपास सुरू कुठून झाला ते आठवून पाहा. वरळीला सोडून दिलेली एक मारुती गाडी सापडली, तिच्यात शस्त्रे होती, नोंदणीवरून पोलीस त्याच रात्री माहीममधल्या मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोहोचले. दादरला न फुटलेली स्कूटर मिळाली. रायगडच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या आरडीएक्सचा माग लागला. कबुलीजबाब आले ते या सगळ्याच्या मागून. 2006 मध्ये कबुलीजबाब हाच पाया झाला आणि बाकीचे त्यावर बेतले गेले, अशी माझी तक्रार आहे. दोन वर्षांनी याच शहराच्या गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या संशयितांना पकडले, तेव्हा रेल्वे स्फोट आम्हीच घडवले असे सांगणारा जबाब पुढे आला. एकाच गुन्ह्याच्या दोन परस्परविरोधी कबुल्या एकाच पोलीस दलाच्या कपाटात! त्यांतली कोणती खरी, हे ठरवायला जबाबाबाहेरचा पुरावा लागतो, आणि तोच नव्हता. परिणामी 180 हून अधिक खुनांचे गुन्हेगार कोण, हे आज कायद्याच्या दृष्टीने कोणालाच माहीत नाही. ते आजही मोकळे फिरत असतील, तर याला कडकपणा कसे म्हणायचे?

सागरवेध:

मी या वादात फक्त एक भर घालतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कसाबसह दहा जण मुंबईच्या मच्छीमारनगरला रबरी होडीतून उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकले ते तिथल्या कोळ्यांनी. मेलेल्या नऊ अतिरेक्यांचे दफन आमच्या जमिनीत होणार नाही, असे मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी सांगितले आणि ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात पडून राहिले. अशा लोकांनी पोलीस ठाण्याची पायरी न घाबरता चढावी असे वाटत असेल, तर निरपराध पोरांना उचलून वर्षानुवर्षे डांबून ठेवणे परवडणारे नाही. मालेगावच्या 2006 च्या स्फोटांत पकडलेल्या नऊ मुस्लिमांना न्यायालयाने 2016 मध्ये आरोपमुक्त केले. मधल्या दहा वर्षांत त्या मोहल्ल्यांतून किती खबरी आटले असतील, याची नोंद कोण ठेवतो?

वकिली चष्मा:

सागरवेध यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. यूएपीए म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात डिसेंबर 2008 मध्ये, म्हणजे मुंबई हल्ल्यानंतर महिनाभरातच, जामिनाची अट कडक करण्यात आली. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. खटला दोन वर्षांत संपत असता तर ही अट मी निमूटपणे मान्य केली असती. तो संपत नाही, म्हणून 2021 मध्ये नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की खटला अनंतकाळ रेंगाळणार असेल तर या अटीनंतरही घटनात्मक न्यायालय जामीन देऊ शकते. इथे कडक कायद्याचे समर्थक आणि विरोधक यांचे हित एकच आहे, आणि दोघेही ते पाहत नाहीत.

दुर्गवेडा:

मालेगावच्या नऊ जणांबद्दल मी वाद घालणार नाही. सीमेपलीकडच्यांबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही. राहिला कबुलीजबाब. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची आणि त्याचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे; मात्र ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्यात असा तज्ज्ञ तासाभरात पोहोचू लागला आणि त्याचा अहवाल आरोपपत्राच्या मुदतीत हाती पडू लागला, की मकोकाचे अठरावे कलम रद्द करा असे लिहिणारा पहिला माणूस मी असेन. तोवर ते राहू द्यावे.