मेरीने ‘नशीब काढलं’ म्हणायचं का?

शेवग्याची_शेंग:
रविवारी आईला डेन्मार्कच्या राणी मेरीची गोष्ट सांगत होते. टास्मानियातल्या होबार्टची मुलगी, बाप गणिताचा प्राध्यापक, स्वतः सिडनीत नोकरी करणारी. २००० च्या ऑलिंपिकच्या धामधुमीत ‘स्लिप इन’ नावाच्या पबमध्ये एक मुलगा भेटला, नाव फ्रेड सांगितलं. तो निघाला युवराज फ्रेडरिक. १४ मे २००४ ला लग्न, १४ जानेवारी २०२४ ला राणी. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नशीब काढलं पोरीनं.”

मला हे पटत नाही. ३२ व्या वर्षी त्या बाईने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं, ख्रिस्ती धर्मातला प्रेस्बिटेरियन पंथ सोडून लुथरन झाली, नोकरी सोडली, पाठ्यपुस्तक घेऊन नवी भाषा शिकायला बसली. तिथलं राजघराणं प्रथेने मतदान करत नाही, म्हणजे मतसुद्धा गेलं. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात, त्यावर आपण पानंच्या पानं भांडतो. मग मुकुट दिसला की गप्प का?

तिरका_बाण:
काहीही! कुणी बांधून नेलं होतं का? एक राजवाडा, दिमतीला माणसं, खर्च सरकारी तिजोरीतून. माझ्या बहिणीनेही लग्नासाठी नोकरी सोडली, तिला अमालियनबोर्ग राजवाडा नाही मिळाला, डोंबिवलीत वन बीएचके मिळाला. सहानुभूती तिकडे वळवा. मेरीने नोकरी सोडलेली नाही, बदलली. २००७ मध्ये स्वतःची संस्था काढली, घरगुती हिंसा आणि शाळेतली दादागिरी या विषयांवर ती काम करते. २०१९ पासून तर राणी आणि युवराज परदेशी असले की राज्यप्रमुखाचं काम पाहायचा अधिकारही होता तिला. याला त्याग म्हणत नाहीत हो, बढती म्हणतात.

कोपनहेगनकर:
दोघेही मुद्दा सोडून बोलताय. मी इथे अकरा वर्षं आहे. सर्वसाधारण नियम असा: नऊ वर्षं वास्तव्य, भाषेची परीक्षा, नागरिकत्वाची वेगळी परीक्षा, मग संसदेच्या विधेयकात तुमचं नाव येणार, मग नगरपालिकेत जाऊन हस्तांदोलन, की झालात डॅनिश. मेरीसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला आणि लग्नाबरोबर नागरिकत्व हातात.

सोडण्याबद्दल म्हणाल तर २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये दुहेरी नागरिकत्व चालतच नव्हतं, ते २०१५ पासून चालतं. आमची गंमत अशी की आता डेन्मार्क हो म्हणतो आणि भारत नाही म्हणतो. अर्ज भरून तयार आहे, पण निळा पासपोर्ट परत करायचा म्हटलं की दर वेळी ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं. तेव्हा नागरिकत्व सोडणं काय असतं ते मला कळतं, आणि त्या एका बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूने आहे.

भाषेचंही मान्य. मी अजून बेकरीत डॅनिशमध्ये राईचा पाव मागितला की काउंटरवरची मुलगी इंग्रजीत विचारते, “कापून देऊ?” मेरी त्याच भाषेत भाषणं करते.

गुळाचा_खडा:
अहो, पण नाव बदललं ते सुनेचं नाही, जावयाचं! मेरीचा सासरा बघा. फ्रेंच मुत्सद्दी, नाव आन्री. १९६७ मध्ये मार्गरेटशी लग्न केलं आणि हेन्रिक झाला. कॅथलिकचा लुथरन झाला. त्याच्या डॅनिश उच्चारांवर लोक जन्मभर हसले. बायको १९७२ मध्ये राणी झाली, हा मात्र प्रिन्सच. राजाची बायको राणी होते, पण राणीचा नवरा राजा होत नाही.

२००२ मध्ये नववर्षाच्या स्वागत समारंभात यजमानपद त्याच्याऐवजी मुलाकडे गेलं, तेव्हा गडी रुसून फ्रान्समधल्या आपल्या वाड्यावर जाऊन बसला. २०१७ मध्ये तर जाहीर केलं, की जिवंतपणी बरोबरी दिली नाहीत तर मेल्यावर शेजारी झोपणार नाही. रोस्किल्ड कॅथेड्रलमध्ये दोघांसाठी ठरलेली जागा नाकारली. २०१८ मध्ये गेला. अर्धी रक्षा डेन्मार्कच्या समुद्रात, अर्धी फ्रेडेन्सबोर्ग राजवाड्याच्या बागेत. घरजावयाची ही गत कुठल्याच सुनेची नाही झाली.

तिरका_बाण:
घरजावई होताना अटी माहीत होत्या ना? स्वीडनचा डॅनियल वेस्टलिंग बघा. जिम चालवणारा माणूस. २०१० मध्ये व्हिक्टोरियाशी लग्न झालं, तीच पुढे राणी होणार. लग्नाच्या भाषणात स्वतःच राजपुत्र होणाऱ्या बेडकाच्या परीकथेवर विनोद केला, की तो तरुण बेडूक नसेलही, पण राजपुत्र तर नक्कीच नव्हता. रडगाणं नाही काही नाही.

शेवग्याची_शेंग:
बाण, डॅनियलच्या पिढीला वाट तयार मिळाली. नॉर्वेच्या सोन्या राणीला विचारा. कापड व्यापाऱ्याची मुलगी, म्हणून नऊ वर्षं ताटकळली. शेवटी युवराज हॅराल्डने बापाला सांगितलं, हिच्याशी नाही तर कुणाशीच नाही. तेव्हा कुठे १९६८ मध्ये लग्न झालं.

हेन्रिकचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात नव्हता. मी ‘सून’ म्हणून विचार करत होते. तांदळातलं नाव त्याचं लिहिलं गेलं, हे खरंच.

पाटावरवंटा:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कोपनहेगनकर:
@गुळाचा_खडा, हेन्रिक इथे जिवंतपणी चेष्टेचा विषय होता. आता मात्र माझ्या ऑफिसातल्या दोघीतिघी म्हणतात, माणूस बोलत होता ते अगदीच चूक नव्हतं. अर्थात राजाची पदवी द्यायला त्यांचीही तयारी नाही, हे विचारून घेतलंय.

शेवग्याची_शेंग:
आईला हेन्रिकची सगळी कथा ऐकवली. तिला त्यात काही रस नाही. तिने विचारलं, “सासू कशी होती?” मी सांगितलं, बावन्न वर्षं राज्य केलं आणि ३१ डिसेंबर २०२३ च्या भाषणात स्वतःहून जाहीर केलं, आता पायउतार होते. आईने मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. म्हणाली, “हयातीत किल्ल्या सोडल्या? मग मी नशीब म्हटलं ते काय चुकलं?”

गुळाचा_खडा:
काकूंना सांगा, किल्ल्या मुलाला दिल्यात, सुनेला नाही.