येमेनची तहान: पाऊस कमी की उपसा जास्त?

कोरडवाहू: येमेनमध्ये बारमाही नदी एकही नाही. माणशी वर्षाला १०० घनमीटर पाणीसुद्धा वाट्याला येत नाही. ५०० च्या खाली गेलं की तीव्र टंचाई मानतात. 'वाळवंटच ते, दुसरं काय होणार' म्हणून लोक विषय सोडून देतात. मला हे पटत नाही. याच डोंगरांत शतकानुशतकं शेती झाली. उतारावर दगडी बांधांची पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पुराचं पाणी वळवून घेणारे पाट, मारिबचं प्राचीन धरण. पाऊस तेव्हाही बेताचाच होता. घात झाला १९७० नंतर. सौदीत गेलेल्यांचा पैसा घरी येऊ लागला, बोअर पडू लागल्या, सरकारनं डिझेल स्वस्त ठेवलं. जो खोल जाईल त्याचं पाणी! आज देशातलं सुमारे ९० टक्के पाणी शेतीला जातं आणि त्यातला मोठा वाटा एकटा कात पितो. विड्यातला कात नव्हे, हे झुडूप. त्याची कोवळी पानं लोक दुपारभर गालात धरून बसतात.

पाणवठा: कातावर खापर फोडू नका. शेतकरी तो का लावतो? वर्षातून अनेक तोडे मिळतात, रोख पैसा हातात येतो. बाहेरच्या स्वस्त गव्हापुढे त्याचं धान्य टिकत नाही. शिवाय १९९० मध्ये इराकनं कुवेत बळकावलं तेव्हा येमेन सौदीच्या बाजूनं उभा राहिला नाही, म्हणून लाखो येमेनी कामगारांना सौदीतून परतावं लागलं. त्यांनी जगायचं कशावर?

नळकोंडाळं: तुम्ही दोघं युद्ध विसरलात. २०१५ पासून पंपघरं, जलवाहिन्या उद्ध्वस्त झाल्या. २०१७ मध्ये कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले. घाण पाणी प्यायल्यानं पोरं मरत होती, आणि आपण भूजलपातळीवर बोलतोय.

कोरडवाहू: विसरलो नाही. युद्धानं नळ तोडले, पण राजधानी सानाच्या विहिरी त्याआधीच तळाला गेल्या होत्या. २००२ चा पाणी कायदा आहे, बोअरला परवाना लागतो, पण तो कोण विचारतो? युद्धात डिझेल मिळेना म्हणून शेतकरी सौर पंपांकडे वळले. आता ऊन असेपर्यंत उपसा फुकट.

पाणवठा: मग समुद्राचं पाणी गोडं करा.

कोरडवाहू: साना समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी चढवायचा खर्च हा देश कुठून करणार?

लातूरकर: २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेनं पाणी आलं. तेव्हाही मराठवाड्यात ऊस होताच. म्हणून शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्यानं ऊस लावला, कारण कारखाना उचलतो. ज्वारीला खात्रीचं गिऱ्हाईक द्या, मग बोला. येमेनातही कातासारखा पैसा देणारं दुसरं पीक दाखवल्याशिवाय पंप थांबणार नाहीत. आणि हंडा वाहणाऱ्या बायकांचं, पाण्यापायी शाळा सुटलेल्या मुलींचं नाव अजून कुणीच घेतलं नाही.

कोरडवाहू: लातूरकर, पिकाचं मान्य. मुलींचं मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवं होतं. आणखी एक भर घालतो. बाप्ये सौदीला गेल्यावर डोंगरावरचे बांध डागडुजीअभावी ढासळले. बांध पडला की पाणी मुरत नाही, मातीसकट खाली धावतं. तिथं मजुरी देऊन ते बांध पुन्हा रचून घ्यायचं काम धर्मादाय निधीतून झालं तर निदान त्या उतारांवर पाऊस टिकेल.