स्कूटर येते म्हणून थेट बुलेट नको

ताई, "स्कूटर येतेच, आता थेट बुलेटवर शिका" हा तुम्हाला मिळालेला सल्ला मला पटत नाही. मी गिअरची बाइक चाळिशीत शिकले, तेही भावाच्या स्प्लेंडरवर. ती साधारण 112 किलोची; बुलेट 350 जवळपास 195 किलोची. एवढं वजन कललं की नवख्या माणसाला सावरत नाही.

पहिले चार दिवस भावाने ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. मोकळं मैदान, पहिला गिअर, आणि क्लच, म्हणजे दाबला की इंजिन चाकापासून सुटं करणारा डाव्या हाताचा लिव्हर, केसभर सोडत जायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, हँडल किंचित थरथरतं, गाडी पुढे ओढ घेते. तिथेच बोटं थांबवायची, परत क्लच दाबायचा. ही जागा बोटांना पाठ झाली आणि गाडी बंद पडायची थांबली.

स्कूटरची सवय मात्र एका बाबतीत नडते. तिथे डाव्या हाताला मागचा ब्रेक, इथे क्लच. घाबरून डावा हात आवळला की गाडी थांबत नाही, उलट इंजिनाचा अटकाव जाऊन मोकळी सुटते. उतारावर तर वेगच घेते. म्हणून उजवा पाय आणि उजवा हात मिळून ब्रेक दाबायचा सराव अगदी हळू वेगात, रोज दहा मिनिटं तरी कराच.

आणि हो, विनागिअरचं लायसन्स बाइकला चालत नाही. गिअरवाल्या दुचाकीचं शिकाऊ लायसन्स आधी काढा, 30 दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते.