स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांसाठी मुलीला मोजा बनवायचा आहे, सल्ला हवा

अबोली:
माझे सासरे स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. रात्री केव्हाही उठून ते दाराकडे चालू लागतात, त्यामुळे सासूबाईंना सलग झोप मिळत नाही. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने अमेरिकेतील केनेथ शिनोझुका या शाळकरी मुलाने आपल्या आजोबांसाठी बनवलेल्या सेन्सरच्या मोज्याविषयी वाचले आणि आजोबांसाठी तसाच मोजा करायचे ठरवले. पाऊल जमिनीला टेकताच मोज्यातील सेन्सरने फोनवर सूचना पाठवावी, अशी तिची कल्पना आहे. हे घरी जमण्यासारखे आहे का आणि सुरुवात कोठून करावी?

सोल्डरगन:
जमण्यासारखे आहे, मात्र शिनोझुकाला कोणत्या अडचणी आल्या ते आधी पाहा. त्याच्या आजोबांना अल्झायमर होता आणि त्यांची काळजी घेणारी त्याची आत्या किंवा मावशी रात्र रात्र जागी राहत असे. दाब पडताच विद्युतरोध बदलणाऱ्या शाईचा पातळ सेन्सर त्याने टाचेखाली बसवला. खरी अडचण बिनतारी संदेशाची होती, कारण नाण्याएवढ्या बॅटरीवर चालेल इतके छोटे सर्किट त्याला हवे होते. त्यासाठी त्याने कमी वीज खाणारे ब्लूटूथ वापरले. याच कामासाठी २०१४ मध्ये, पंधराव्या वर्षी, गूगल सायन्स फेअरमधील सायंटिफिक अमेरिकनचा ५०,००० डॉलरचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढे ‘सेफवाँडर’ नावाने विक्रीस आलेले त्याचे साधन मात्र कपड्याला लावायचे बटण आहे. तुमच्या मुलीने मोज्यावरच अडून राहू नये, असे मला त्यावरून वाटते. दाबाचा तयार सेन्सर आणि ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेले, प्रोग्राम करता येणारे छोटे सर्किट) बाजारात सहज मिळतात. फक्त वीज गेली की राउटर बंद पडतो आणि वायफायवरची सूचनाही थांबते, हे तिने लक्षात ठेवावे.

निवृत्त परिचारिका:
मोजा नकोच, ताई. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून चालणारा वृद्ध माणूस हमखास घसरतो, आणि ज्यांना आयुष्यभर मोज्यांची सवय नाही ते वैशाखात ते पाच मिनिटेही पायात ठेवणार नाहीत. खाटेशेजारी सुटी चटई अंथरली तर तिच्यात पाय अडकेल. त्यापेक्षा गादीखाली, कडेला, दाब ओळखणारी पट्टी ठेवावी. वजन उठले की घंटा वाजेल. कूस बदलल्यावर ती उगाच वाजू नये म्हणून काही सेकंदांचा विलंब ठेवावा लागेल, आणि तो किती असावा हे आजोबांना उठून उभे राहायला लागणाऱ्या वेळेवरून ठरवावे. घंटा त्यांच्या उशाशी नको, ते दचकतील. ते लघवीसाठी उठत असतील तर वाटेवर मंद दिवा लावल्यानेही बरेच काम होईल, मग तो दिवा कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळवणारा नसला तरी चालेल.

सायकलवाला:
केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील रेम्या जोस हिचे उदाहरण येथे आठवते. आई आजारी पडल्यामुळे घरचे कपडे धुण्याचे काम तिच्यावर आले, तेव्हा शाळेत असतानाच तिने पायडलवर चालणारे धुलाईयंत्र तयार केले. साबणाच्या पाण्यात भिजवलेले कपडे जाळीच्या पिंपात घालून काही मिनिटे पायडल मारायचे, इतकेच. विजेची गरज नाही. पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिचा गौरव केला. रेम्या स्वतःच ते यंत्र वापरणार होती, म्हणून काय हवे ते तिला नेमके ठाऊक होते. तुमच्याकडे हे साधन आजोबांच्या अंगावर किंवा गादीखाली असले, तरी त्याची सूचना ऐकून उठणार सासूबाई. त्या फोन वापरतात का? रात्री तो कोठे असतो? मुलीने आधी त्यांच्याशी बोलावे.

अबोली:
सर्वांचे आभार. मुलीने आजीला विचारले. त्या फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपतात, आणि घंटा आमच्या खोलीत वाजावी, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे गादीखालच्या पट्टीपासून आमच्या खोलीपर्यंत तारच ओढायची आणि घंटा बॅटरीवर चालवायची, असे तूर्त ठरले आहे. विलंब किती ठेवायचा ते पाहून कळवते.