टीम शूटरमधला माइंडगेम: खरं हत्यार की हरल्यावरची सबब?

बी_साइट_होल्ड:
काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंट या पाच-विरुद्ध-पाच बंदुकबाजीच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कुणीतरी 'सगळा कॉन्फिडन्सचा खेळ आहे' म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. चॅटमध्ये डिवचणं, मेलेल्याच्या अंगावर उठाबशा काढणं याला मी डावपेच मानत नाही. तो टाइमपास. खरा माइंडगेम नियमांच्या पोटातच असतो.

काउंटर-स्ट्राइकमधली खोटी डिफ्यूज घ्या. एक संघ ठरलेल्या जागी (साइटवर) बॉम्ब लावतो, दुसरा तो निकामी म्हणजे डिफ्यूज करायला बघतो. बॉम्ब लागल्यावर फुटायला ४० सेकंद. निकामी करायला किट (त्यासाठीचं अवजार) असेल तर ५, नसेल तर १०. बॉम्बवर धूर आहे, तुम्ही एकटे उरलात, समोरचाही एकटाच, कुठल्यातरी कोपऱ्यात दबा धरून. तुम्ही बटण दाबता, आवाज होतो, लगेच सोडून बंदूक वर. आता पंचाईत त्याची. धुरातल्या माणसाकडे किट आहे की नाही हे त्याला दिसत नाही. थांबला आणि डिफ्यूज खरी निघाली तर राउंड गेला, बाहेर डोकावला आणि हूल निघाली तर जीव गेला. व्हॅलोरंटमध्ये तर आणखी मजा: ७ सेकंदांपैकी निम्मं काम झालं की तेवढं कायम राहतं, म्हणजे हूल देता देता खरं कामही अर्धं उरकता येतं.

ही हूल हात न थरथरता देता येणं, याला मी आत्मविश्वास म्हणतो. पटतंय का?

हेडशॉट_बंड्या:
नाही पटत. हूल दिली, तो बाहेर आला, मग? मग त्याला मारावंच लागतं ना! नेम नसेल तर तुमचा माइंडगेम हवेत. आणि जाणता खेळाडू पहिल्या आवाजाला हलतच नाही, मनात सेकंद मोजत बसतो. तुमची युक्ती कच्च्या खेळाडूंवरच चालते. आत्मविश्वास ही नेमाची सावली आहे. हात बसला की डोकं आपोआप थंड.

जुना_कॉलर:
बंड्याभाऊ, मग ॲस्ट्रालिस या काउंटर-स्ट्राइक संघाचं काय सांगाल? २०१६ पर्यंत हा संघ मोक्याच्या क्षणी कच खाणारा म्हणून बदनाम होता. नेमाची कमतरता कुणीच म्हणत नव्हतं. त्यांनी मिया स्टेलबर्ग या क्रीडामानसतज्ज्ञ बाईंना सोबत घेतलं आणि जानेवारी २०१७ मध्ये अटलांटाच्या मेजरची (काउंटर-स्ट्राइकच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची) फायनल जिंकली, व्हर्टस प्रो संघाविरुद्ध, तीही तिसऱ्या मॅपवर (मैदानावर) १६-१४ अशी. पुढे लंडन २०१८, काटोविचे आणि बर्लिन २०१९. चार मेजर!

हेडशॉट_बंड्या:
अर्धीच गोष्ट सांगताय. २०१६ च्या अखेरीस त्यांनी कॅरिगनला बसवलं आणि ग्लेव्हला आणलं. कॉल देणारा, म्हणजे खेळताना डाव ठरवून सांगणारा, बदलला म्हणजे संघाची अख्खी खेळी बदलली. श्रेय मानसतज्ज्ञांना द्यायचं की नव्या कॅप्टनला, हे वेगळं कसं काढणार?

जुना_कॉलर:
वेगळं काढता येत नाही, मान्य. पण कॅरिगनचंच पुढचं बघा. जानेवारी २०१८, बॉस्टन, मेजरची फायनल, कॅरिगनचा नवा संघ फेझ विरुद्ध क्लाउड नाइन, तिसरा मॅप इन्फर्नो. फेझ १५-११ ने पुढे. तेव्हा १६ राउंडला जिंकायचं, म्हणजे एक राउंड हवा, एकच! तो मिळाला नाही, सामना ओव्हरटाइमला गेला आणि २२-१९ ने हातचा गेला. चार वर्षांनी त्याच कॅरिगनने फेझलाच अँटवर्पचं मेजर जिंकून दिलं. १५ वर अडकलेल्या त्या पाच जणांचा नेम अचानक गेला होता का?

आकडेमोड:
मध्ये तोंड घालतो. ज्याला लोक 'मोमेंटम' किंवा 'कॉन्फिडन्स गेला' म्हणतात, त्यातला बराच भाग पैशाचा असतो, म्हणजे ज्यातून दर राउंडला हत्यारं घेतात त्या खेळातल्या पैशाचा. काउंटर-स्ट्राइकमध्ये सलग राउंड हरलात तर मिळणारा बोनस १४०० डॉलरपासून चढत जाऊन ३४०० वर थांबतो. एके-४७ २७०० ची, चिलखत-हेल्मेट १००० चं. म्हणजे वरचा बोनस मिळूनही मागची शिल्लक नसेल तर पूर्ण सामान येत नाही, ग्रेनेड दूरच. असा संघ पिस्तुलं घेऊन तीन राउंड हरतो आणि प्रेक्षक म्हणतात, 'खचले बघा'. खचले कसले, कंगाल झालेत! त्यात २०२३ पासून जिंकायला १३ राउंड लागतात, आधी १६ लागायचे. सुरुवातीचा पिस्तूल राउंड (पैसे कमी म्हणून सगळ्यांकडे पिस्तुलंच) गेला तर सावरायला जागाच कमी.

सलग यशाबद्दल शास्त्रज्ञांचंही एकमत नाही बरं का. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि त्व्हर्स्की यांनी बास्केटबॉलमधला 'हात गरम असणं' हा प्रकार भास ठरवला. २०१८ मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी त्यांच्या गणितातच खोट दाखवली. त्यामुळे 'सिद्ध झालंय' असं दोन्ही बाजूंनी कुणी म्हणू नका.

बी_साइट_होल्ड:
@आकडेमोड, पैशाचा मुद्दा झकास, पण तो माझ्याच बाजूचा आहे. खिसा रिकामा असताना पैसे साठवायचे की आहे तेवढ्यात मिळतील ती हत्यारं घेऊन फोर्स-बाय मारायचा, हा निर्णय घेताना समोरचा काय गृहीत धरतोय याचाच अंदाज बांधावा लागतो. आणि रायफली घेऊन पिस्तुलवाल्यांकडून राउंड हरलेल्या संघाचा व्हॉइस चॅट ऐकलाय कधी? पुढच्या राउंडला पाचही जण इतके जपून चालतात की साइटवर पोचेपर्यंत वेळ संपत आलेली असते.

आकडेमोड:
त्या राउंडमध्ये त्यांच्या रायफलीही गेल्या ना. पुन्हा पैसाच. :)

मूक_सपोर्ट:
तुम्ही सगळे मेजरच्या गोष्टी करताय. रँक्ड (क्रमवारीचे ऑनलाइन सामने) खेळणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे माइंडगेम समोरचा खेळतच नाही, आपलेच चार जण खेळतात. एकजण एकटा तिघांविरुद्ध उरलाय, त्याला पावलांचे आवाज ऐकायचेत, आणि मेलेले चौघं कानात ओरडतायत, 'डावीकडे, डावीकडे, अरे काय करतोयस!' कितीही चांगला नेम असू दे, तो राउंड गेला. शत्रूचा चॅट बंद करायची सोय आहे, ती सगळे वापरतात. स्वतःच्या संघातल्या बडबड्याला म्यूट करायला मात्र लोक लाजतात, कारण त्याच्याकडे माहितीही असते. 'एक लाँगला, जखमी' (एक शत्रू लाँग नावाच्या वाटेवर) एवढं सांगून गप्प बसणारा खेळाडू मला वीस किल करणाऱ्यापेक्षा जास्त हवासा वाटतो.

हेडशॉट_बंड्या:
वीस किल करणारा द्या हो मला, बोलू दे त्याला काय बोलायचं ते.

जुना_कॉलर:
मूक_सपोर्ट यांच्याशी शंभर टक्के सहमत. आत्मविश्वास हा कॉलच्या आवाजात असतो. 'ए ला (ए साइटला) जाऊया का?' आणि 'ए. चला.' यात प्लॅन तोच आहे, पण पहिल्यात दोघं जातात आणि तिघं विचार करतात. पाचांनी मिळून केलेला साधा कॉल हा दोघांनी केलेल्या हुशार कॉलपेक्षा कधीही भारी.

समोरच्याला बिचकवायची माझी आवडती पद्धतही साधी आहे: दोन राउंड एकाच साइटवर धडक मारायची. तिसऱ्याला तिथे दोन माणसं जास्त ठेवलेली असतात. तेव्हा नुसते दोन ग्रेनेड तिकडे फेकायचे आणि दुसरीकडून चालत आत जायचं.

हेडशॉट_बंड्या:
आणि त्यांनी जास्तीची माणसं ठेवलीच नाहीत तर?

जुना_कॉलर:
तर चौथ्याला पुन्हा पहिल्याच साइटवर. किंवा ३० सेकंदांचा टाइमआउट घ्यायचा. समोरचे रंगात आलेले असले की तेवढ्यानेही त्यांची लय तुटते.

आकडेमोड:
टाइमआउटमध्ये तेच ३० सेकंद त्यांनाही मिळतात, आणि त्यांचा कोचही बोलू शकतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१६ मध्ये कोचच्या बोलण्यावर बंधनं आणल्यावर कितीतरी वर्षं मोठ्या स्पर्धांत सामना चालू असताना त्याला तोंड उघडायला मिळायचं ते टाइमआउटमध्ये आणि हाफटाइमला. लय तोडायला गेलात आणि त्यांच्या कोचला तुमची 'दोनदा तीच साइट'वाली सवय दाखवायची आयती संधी दिलीत, असंही होतं.

जुना_कॉलर:
म्हणूनच मी टाइमआउट तिसऱ्या राउंडच्या *नंतर* घेतो, आधी नाही.